जहाजाच्या इमारतीतला सौदा

सोलापूरला समुद्र नाही. तळं आहे, आणि त्यात आमच्या सिद्धेश्वराचं देऊळ आहे, तेवढंच आमचं पाणी. तरीही जुन्या पेठेत एका इमारतीच्या माथ्यावर दगडी जहाज आहे. शिडं फुगलेली, खाली लाटा, आणि लाटांवर कबुतरं. पेठेतली माणसं तिला जहाजाची इमारतच म्हणतात. खरं नाव सूत सौदागृह, पण ते फक्त दारावर कोरलेलं आहे.

दाक्षायणी मंद्रूपहून लग्न होऊन आली तेव्हा तिनं नवऱ्याला विचारलं होतं, इथं जहाज कशाला? गुरसिद्ध हसला होता. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात पेठेतले सूत व्यापारी मुंबईला गेले, तिथं बंदराजवळ सौद्यांची एक इमारत पाहिली आणि खुळावले. युरोपातल्या जुन्या देवळांसारखे उंच गोल खांब, वर त्रिकोणी माथा, आत घुमटाखाली दिवाणखाना. चित्र काढून आणलं आणि पाथरवटांच्या हातात दिलं, म्हणाले, अश्शीच बांधा. पाथरवटांनी अश्शीच बांधली. परांचीच्या बल्ल्या उतरवल्यावर शेठजींनी माथ्यावरचं जहाज बघितलं आणि विचारलं, हे काय रे? पाथरवट म्हणाला, चित्रात होतं मालक.

एक गोष्ट मात्र त्या पाथरवटांना चित्रातल्यासारखी जमली नाही. खांबांच्या डोक्यावर कसलीशी परदेशी पानं होती. ती पानं कुणी पाहिलेली नाहीत, मग कोरायची कशी? त्यांनी आपल्या मनानं कापसाची बोंडं कोरली, उकललेली, प्रत्येक वेगळं. दाक्षायणीला साऱ्या इमारतीत तेवढंच आपलं वाटायचं.

पण तिला खरा राग होता तो आतल्या दिवाणखान्याचा.

आत मधोमध गोल दगडी ओटा आहे, दोन पायऱ्यांचा. मुंबईच्या त्या इमारतीत अशाच ओट्यावर उभं राहून भाव पुकारत, सगळ्यांच्या कानावर जाईल असा. म्हणून तर घुमट. ओट्यावर कुणी साधं खोकलं तरी वरच्या सज्जात ऐकू येतं. सज्जा विणकरांसाठी. त्यांना समोरच्या पायऱ्यांनी यायची बंदी, मागच्या अरुंद जिन्यानं वर जायचं आणि कठड्यावरून खाली बघायचं. म्हणजे बांधणाऱ्यानं इमारत बांधली भाव उघडा पुकारायला, आणि वापरणाऱ्यांनी काय केलं? ओट्यावर कधी कुणी चढलंच नाही. एवढे खांब, एवढा घुमट, आणि धंदा सगळा हातभर रुमालाखाली. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, हातावर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव ठरवायचा. तिसऱ्याला पत्ता नाही. विणकरांना वरून दिसायची फक्त पागोटी, पुढं टोप्या, आणि आता टकलं. ओट्यावर पाण्याचा माठ ठेवला. माठ गेला आणि निळा जार आला.

आता सूत फोनवर विकलं जातं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवणारा माणूस सकाळी फोन करतो, दुपारी टेम्पो येतो. सौदागृह वर्षभर कुलपात असतं. फक्त दिवाळी पाडव्याला उघडतं, मुहूर्ताच्या सौद्यांसाठी. लक्ष्मीची पूजा होते, प्रत्येक सभासद आपापल्या खांबापाशी उभा राहतो आणि रुमालाखाली वर्षाचा पहिला सौदा करतो. सगळ्यांचे सौदे झाले की दाराजवळची पितळी घंटा वाजते. एकाचा जरी राहिला तरी घंटा वाजवायची नाही, वाजवली तर साऱ्या पेठेचं वर्ष लंगडं. एका पाडव्याला एक म्हातारे सभासद तापानं फणफणले होते, तर त्यांना खाटेसकट उचलून आणलं होतं. आणि एकदा घंटा वाजली की झालेले सौदे पक्के. मग प्रत्यक्ष बापानं सांगितलं तरी फिरवायचे नाहीत.

गुरसिद्धला अर्धांगवायू झाला तेव्हापासून दुकान दाक्षायणीच बघत होती. आधी लोक म्हणायचे, बिचारी बसते. मग म्हणायला लागले, बसते पण भाव सोडत नाही. तो गेला तेव्हा सभासदत्व तिच्या नावावर झालं. मुलगा नव्हता, लेक राजेश्वरी लग्न होऊन पुण्याला. पेठेनं नियमाप्रमाणे नाव चढवलं आणि नाव चढवूनच थांबली.

पहिल्या पाडव्याला पेठेचा सेक्रेटरी शिवपुत्र घरी आला. अंगणात चपला काढून, शरणार्थ म्हणत हात जोडून बसला. "वहिनी, तुमी कशाला तरास घेताव? शिवूला पाठवा की तुमच्या जागी." शिवू म्हणजे तिच्या दिराचा मुलगा. तिशीचा, दुकानात कामाला.

"मला काय तरास? मी येते की."

"येताव खरं, पण..." शिवपुत्र चहाच्या कपात बघत म्हणाला, "रुमालाखाली हात द्यावा लागतोय. तुमचा हात कोण धरणार? बरं दिसत न्हाय ते."

बोलण्यात किती काळजी होती. दाक्षायणीला तेव्हा ती काळजीच वाटली. ती सज्जात जाऊन बसली, विणकरांच्या बायकांबरोबर, आणि वरून आपल्याच खांबापाशी उभ्या पुतण्याकडं बघत राहिली. पुढच्या वर्षीही तेच.

त्या दुसऱ्या, म्हणजे गेल्याच पाडव्याला शिवूनं तिनं सांगितलेल्या भावापेक्षा पार खाली सूत दिलं, तेही शिवपुत्रलाच. विचारलं तर म्हणाला, "काकू, बोटं दाबताना कळलंच न्हाय मला." मुहूर्ताचा सौदा, फिरवता येत नाही. तिनं दात आवळून पोती पाठवली. पेठेत हशा झाला, बाईचं दुकान, म्हणून स्वस्त. तेही तिनं गिळलं.

यंदा नवरात्र संपता संपता निरोप आला. जो सभासद लागोपाठ तीन पाडवे स्वतः सौद्याला उभा राहत नाही, त्याची जागा त्याच्या वतीनं उभं राहणाऱ्याच्या नावावर होते, असा जुना रिवाज आहे म्हणे. यंदाचा तिसरा. म्हणजे पाडव्याला पुन्हा शिवू उभा राहिला की सभासद शिवू. आणि सभासद नसलेल्याला गिरणीवाले सूत देत नाहीत. म्हणजे दुकानही शिवूचं.

दाक्षायणीनं तो निरोप ऐकला. तिला आधी रिवाजाचा राग आला नाही. राग आला तो त्या चहाच्या कपाचा. ज्यांनी सांगितलं येऊ नका, तेच आता म्हणत होते, तुम्ही आला नाहीत.

"तुला ठाऊक होतं व्हय रे?" तिनं शिवूला विचारलं.

शिवू सुताच्या रिळावरचा कागद नखानं खरवडत राहिला. "ते शिवपुत्रअण्णा बोलले होते कायतरी. मी म्हटलं, काकू थकल्यात. घरातच ऱ्हातंय की सगळं."

"घरात ऱ्हातंय. माझ्याकडं ऱ्हात न्हाय, एवढंच."

पाडव्याच्या सकाळी ती लवकर पूजेला बसली. कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग. नजर लिंगावर ठरेना. तिला भीती वाटत होती आणि ती पेठेची नव्हती. मुहूर्त पवित्र असतो असं तीही मानत आली होती. आपण हट्ट केला, आपल्यामुळं घंटा अडली, तर साऱ्या पेठेचं वर्ष लंगडं केल्याचं पाप कुणाच्या माथी? तिनं डोळे मिटले. उघडले तेव्हा तळहात तसाच होता, त्यावर लिंग तसंच. हा हात देवाला चालतो. आपल्या धर्मात बाईच्या गळ्यातही लिंग बांधतात, पुरुषासारखंच, आणि ज्यांनी बांधलं त्यांनी हात बघून बांधलं नाही. मग या माणसांना हा हात का चालत नाही? तिनं लिंग करडीच्या चांदीच्या डबीत ठेवलं आणि ती उठली.

समोरच्या पायऱ्या ती जन्मात पहिल्यांदा चढली. दारात चपला काढल्या आणि थेट आपल्या खांबापाशी जाऊन उभी राहिली. तिथं शिवू नवा रुमाल खांद्यावर टाकून उभा होता.

"हो बाजूला."

तो शिवपुत्रकडं बघायला लागला. शिवपुत्र हसत आला. "वहिनी, वर जागा ठेवलीया तुमाला. पंख्याखाली."

"माझी जागा ही हाय."

"शिवू हाय की हितं."

"शिवू हाय. सभासद मी हाय."

"पाडवा हाय वहिनी. आज कशाला वाद?"

"वाद कुटं घातला? सौदा करायला आलीया. करा की कुणीतरी."

तिनं पदर खोचला, हात पुढं केला आणि उभी राहिली. आता बघा, त्या दिवाणखान्यात तिच्या चांगल्या ओळखीचं नसलेलं एकही माणूस नव्हतं. कुणाच्या घरच्या बारशाला ती गेली होती, कुणाच्या आईच्या आजारपणात रात्री जागली होती. आणि एकेकाला काय काय सुचलं. एकाचा फोन वाजला, वाजला नव्हता तरी. एक म्हणाला, माझा झाला की आत्ताच. एक तरुण व्यापारी म्हणाला, "काकू, मला कायबी अडचण न्हाय बगा. पण घरी कळलं तर..." त्याचा शेजारी हसला, "घरी काय सांगायचं बे त्यात? सूत घेतलं म्हणून सांग की." दोघं हसले. हात मात्र दोघांचे खिशात.

शेवटी ती रुद्रप्पांसमोर गेली. रुद्रप्पा पेठेतले सर्वांत वडील, गुरसिद्धला बापाच्या जागी. तिच्या हातची भाकरी त्यांनी कित्येक वर्षं खाल्ली होती. भाकरी देणारा हात त्यांना चालत होता.

"मामा, तुमी करा."

रुद्रप्पांनी हात मागं घेतला. "दाक्षायणी, तू मला सुनंसारखी. सुनंचा हात धरू व्हय मी, चारचौघांत?"

"मग लेक समजा. लेकीचा हात बाप धरतोय की."

रुद्रप्पा फरशीकडं बघायला लागले. "होगली बिडु," कन्नडमध्ये पुटपुटले, जाऊ दे, सोड.

"न्हाय सोडत," ती म्हणाली.

एव्हाना बाकी सगळ्यांचे सौदे उरकले होते. घरोघरी बायका ओवाळायला ताट सजवून बसल्या असणार, कुणाचे फोन खरोखरच वाजायला लागले. बायकोच्या हातून ओवाळून घ्यायची घाई झालेले ते सगळे पुरुष एका बाईच्या हाताभोवती असे अडकून उभे होते, आणि त्यात काही विसंगत आहे असं एकालाही वाटत नव्हतं.

"शिवूला करू द्या वहिनी," शिवपुत्रचा आवाज आता चढला होता. "घंटा खोळंबलीया. साऱ्या पेठेचं वरीस नासवताव का?"

सकाळपासून ती याच वाक्याला भीत होती. आणि ऐकल्यावर भीती कुठं गेली तिचं तिलाच कळलं नाही. हात पुढं करून ती उभी, मागं घेणारे ते, आणि वर्ष नासवणारी ती?

"हात नको तर ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तोंड हाय मला. शिवू, त्यो जार उचल."

शिवू हलला नाही. तिनं स्वतःच पाण्याचा जार ओढून खाली घेतला. थोडं पाणी फरशीवर सांडलं, स्टीलचे पेले गडगडले. मग ती दोन पायऱ्या चढून ओट्यावर उभी राहिली. सुताचा नंबर सांगितला, पोती किती ते सांगितलं आणि भाव सांगितला. मोठ्यानं, आकड्यात.

घुमटानं तो आकडा उचलला आणि सगळीकडं फिरवला. खाली माणसं एकमेकांकडं बघायला लागली, जणू कुणी देवळात शिवी दिली. त्या जागेत भाव कुणी कधी ऐकलाच नव्हता. आणि वर सज्जात बसलेली माणसं कठड्याला येऊन चिकटली. वाडवडिलांपासून ती वरून बघत होती, आज पहिल्यांदा त्यांना काही ऐकू आलं होतं.

वर येडू बसला होता, एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवणारा, घरात तेलुगू बोलणारा. त्याच्या शेजारी त्याची बायको सुंदरम्मा. येडू हा भाव आणि आपण मोजत आलेला भाव यांचा बोटांवर हिशेब करत होता आणि त्याचा चेहरा कडू कडू होत चालला होता.

"ऐकू आला न्हवं?" सुंदरम्मानं त्याला कोपरानं ढोसलं. "मग बोला की. घरात तर लई बोलताव."

"खालचे लोक उद्या सूत देणार न्हाईत मला."

"आज काय फुकट देत्यात काय ते?"

येडू उठला, कठडा धरला. "अम्मा, मी घेतो. सगळी पोती."

"दिली," दाक्षायणी म्हणाली.

आणि एकच गलका झाला. वरच्यांनी बोलायचं नाही, रुमालाशिवाय सौदा होत नाही, ज्याच्या तोंडाला येईल ते. शिवपुत्र ओट्यापाशी आला. "त्यो सभासद न्हाय. त्याचा सौदा कसला?"

"सभासद विकणारा लागतोय. घेणारा कोणबी चालतोय. दरवर्षी तुमी तुमचा मेव्हणा उभा करताव, त्यो कुटं सभासद हाय?"

कुणीतरी खुदकन हसलं. तेवढ्यात वरून दुसऱ्या विणकराचा आवाज आला, "अम्मा, अजून हाय का या भावानं?" आणि तिसऱ्याचा, "ओ शिवपुत्रअण्णा, हेच सूत गेल्या आठवड्यात आमाला काय भावानं दिलाव? सांगा की जरा, तसंच मोठ्यानं."

घुमटानं हेही सगळीकडं नेलं. शिवपुत्रच्या कपाळावर घाम आला. वरून आणखी कोण काय विचारेल याचा नेम नव्हता, आणि इथं विचारलेलं सगळ्यांना ऐकू येत होतं. तो दाराकडं धावला, घंटेची दोरी धरली आणि जीव खाऊन वाजवायला लागला. एवढा मोठा आवाज त्या दगडी जागेत कोंडला, की बोलणारे सगळे गप्प झाले. कबुतरं उडाली.

"संपलं," शिवपुत्र धापा टाकत म्हणाला. "मुहूर्त संपला. चला आपापल्या घरी."

कुणी हललं नाही. मग रुद्रप्पा हळूच म्हणाले, "शिवपुत्र, काय केलास बे हे?"

"घंटा वाजवली. कुणीतरी वाजवायला पायजेच की."

"सगळ्यांचे सौदे झाले म्हणून वाजवलास का?"

शिवपुत्रच्या हातात दोरी तशीच राहिली. त्याला आता कळलं. ओट्यावरची बाई अजून ओट्यावरच होती.

"घंटा वाजली," दाक्षायणी म्हणाली. आवाज चढवायची गरजच नव्हती. "म्हणजे सगळ्या सभासदांचे सौदे झाले. न्हाय तर सगळ्यांचं वरीस लंगडं, आणि ते मी केलं न्हाय. काय ते तुमीच ठरवा."

ठरवायला त्यांना फार वेळ लागला नाही. मघाशी जो म्हणत होता माझा झाला की, तोच पहिला म्हणाला, "झाला म्हणायचा वहिनींचा सौदा. त्यात काय एवढं?" दुसरा म्हणाला, ऐकला की आपण सगळ्यांनी. तिसरा म्हणाला, बाईमाणूस असलं तरी सभासद ते सभासद. लंगडं वर्ष घरी न्यायला एकजणही तयार नव्हता. घटकेपूर्वी ज्यांना रिवाज मोडवत नव्हता, त्यांनी तो आता असा वाकवला की जणू ओल्या चिपाडाचाच होता. कुणालाही तिच्यावर अन्याय झाला असं वाटलं म्हणून नाही. गल्ल्याची भीती वाटली म्हणून. हे दाक्षायणीला दिसत होतं, आणि सौदा धरला गेला तरी तिचा राग उतरत नव्हता.

ती खाली उतरली. शिवू जवळ आला, आता तोंडभर हसू. "काकू, मी म्हणतच होतो, तुमीच..."

"उद्या सकाळी दुकानात ये. येडूची पोती उचलायचीत."

"व्हय काकू."

"आणि ऐक. काम हाय तुला दुकानात. गादी न्हाय."

लक्ष्मीपुढं हात जोडून तिनं प्रसादाच्या लाह्या-बत्तासे घेतले, कपाळाला लावले, तोंडात टाकले. देवीचं काही चुकलं नव्हतं. दारात रुद्रप्पा पेढ्यांचा पुडा उघडून उभे होते. पाडव्याला नवा सभासद उभा राहिला की त्याच्या हातावर पेढा ठेवायची पद्धत. सगळ्यांच्या नजरा त्या दोघांवर.

"घे. तोंड गोड कर," ते म्हणाले. "झालं ते झालं. माझंबी वय झालंय गं."

"वय झालंय म्हणून हात मागं गेला व्हय, मामा?"

रुद्रप्पांनी पुडा तसाच पुढं धरला. "पुढच्या पाडव्याला माझ्याशी कर सौदा. मी हात देतो."

"माझ्या हक्काची जागा हाय ही. तिचा पेढा कसला घ्यायचा?" तिनं चपला पायात घातल्या. मागच्या जिन्यानं उतरलेली सुंदरम्मा इमारतीला वळसा घालून समोर येऊन थांबली होती, येडू टेम्पोवाल्याशी फोनवर बोलत होता. दाक्षायणी पायऱ्या उतरायला लागली आणि मागं न बघता म्हणाली, "आणि हात आता नको मला. सौदा करायचा तर ओट्यावर चढा. भाव मोठ्यानं सांगा. मग बघू, घ्यायचं का न्हाय."